यादीत मी अकरा होतो

मी पाणी उपसणारा एक जुना डिझेल पंप आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला गटाराची किळस येत नाही. माझ्या जाळीला काय काय अडकलं आहे ते ऐकलंत तर तुम्ही भरल्या ताटावरून उठाल. सडलेले हार, बाळांचे लंगोट, थर्माकोल, मेलेल्या घुशी, एकदा तर कोणाच्या तरी लग्नातला फेटा. ती घाण अंगावरून गेली आणि पाण्यानेच धुऊन निघाली. मला शिसारी येते ती रंगाची. ताज्या, चकचकीत, निळ्या रंगाची. असं का, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कोल्हापूरजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे लोखंड वितळवून साच्यात ओततात. आधी मला अंग मिळालं, मग आतला पंखा, मग इंजिन आणि शेवटी दोन चाकांचा गाडा. नऊ वर्षांपूर्वी एका ट्रकमधून मी मीरा-भाईंदरला आलो. ज्या कचेरीने मला मागवलं तिचं नाव मी घेणार नाही. तिथले साहेब येत-जात राहिले. मला लक्षात ठेवावंसं वाटलं ते एकच नाव, आत्माराम.

आत्माराम माझा चालक. मूळचा गुहागरकडचा, पण उभी हयात भाईंदरमध्ये गेलेली. बुटका, जाड भिंगांचा चष्मा, आणि वरच्या खिशात कायम दात घासायचा एक जुना ब्रश. तो ब्रश माझ्या जाळीसाठी असायचा. मला चालू करायची एक रीत आहे. माझ्या डोक्यावरची लोखंडी टोपी फिरवून उघडायची, पोटात पाणी भरायचं, आतली हवा काढायची आणि मग हँडल मारायचं. हवा राहिली तर मी नुसताच बोंबलतो, पाणी धरत नाही. आत्मारामने कधी घाई केली नाही. माझ्या हँडलची लाकडी मूठ फुटली तेव्हा त्याने भंगारातल्या लहान मुलीच्या सायकलची गुलाबी मूठ आणून बसवली. मी जरा विचित्र दिसू लागलो, पण त्याच्या तळहाताला फोड यायचे थांबले.

आमच्या शहराच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की नाल्यातलं पाणी बाहेर जायचं सोडून उलटं घरांकडे येतं. हे पूर्वीही व्हायचं. "पण पूर्वी चार दिवसांत पडायचा तेवढा आता एका दुपारीच पडतोय," असं आत्माराम म्हणायचा. पहिली काही वर्षं आम्ही दोघं पावसाळाभर धावत होतो. जेसल पार्कला नीलिमाताईंच्या इमारतीत एकदा विजेच्या मीटरपर्यंत पाणी चढलं होतं. नीलिमाताई लालबागहून तिथे राहायला आलेल्या, तळमजल्यावर घर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आम्ही सात तास पाणी उपसलं. शेवटी जमीन दिसली तेव्हा ताई आत्मारामसाठी गरम कांदाभजी घेऊन आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मामा, याला काय देऊ?" आत्माराम म्हणाला, "याला फडकं द्या एखादं." त्यांनी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा दिला. त्याने माझं अंग पुसलं. मित्रांनो, कौतुक म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

मग पंपांचा ठेका निघाला आणि शशिकांतशेठ आले. पांढरे बूट, हातात दोन फोन. ठेक्यात लिहिलं होतं, अकरा ठिकाणी अकरा पंप, पावसाळाभर सज्ज. प्रत्यक्षात काय होतं ते मी शेडमध्ये उभा राहून रोज पाहत होतो. माझ्या डावीकडे दोन पंप होते, दोघांची इंजिनं जाम. उजवीकडे एक होता, त्याला इंजिनच नव्हतं, कोणीतरी काढून नेलेलं. बाकीचे सात कुठे होते? कुठेच नव्हते. ते फक्त कागदावर होते. चालणारा मी एकटा, आणि मलाही दोन पावसाळे शेडबाहेर काढलं नव्हतं. माझ्या पाइपात उंदरांनी पिल्लं घातली. आत्माराम रोज सकाळी यायचा, सही करायचा, ब्रशने मला थोडं घासायचा आणि दिवसभर बसून राहायचा. बसून राहण्याचीही माणसाला सवय होते. त्याला ती झाली.

या वर्षी जुलैच्या सुरुवातीला शेडमध्ये एकदम गडबड उडाली. एक संस्था शहराशहरांत फिरून मोजणी करत होती. हवामान बदलतंय, पाऊस एकदम कोसळतोय, ऊन भाजतंय, समुद्र आत येतोय. तर या सगळ्याला कोणत्या शहराची कचेरी किती तयार आहे, ते मोजून गुण द्यायचे. चाळीस प्रश्नांचा फॉर्म होता. मला ऐकून बरं वाटलं. म्हटलं, आता कोणीतरी विचारेल की बाकीचे दहा कुठे आहेत.

शशिकांतशेठ आत्मारामला म्हणाले, "त्यांची टीम अकरापैकी चार जागा बघणार. जेसल पार्क, मीरा रोड, पश्चिमेचा नाका आणि उत्तन. टेन्शन नाही घ्यायचं. टेम्पो आहे, पंप आहे."

"एकच पंप आहे, शेठ."

"मग? ते चारही ठिकाणी एकदम येणारेत का?"

आत्मारामने डोळ्यांवरचा चष्मा काढला. मी वाट पाहिली. तो भिंगं पुसत राहिला.

मोजणीच्या दिवशी सकाळी माझ्यावर निळा रंग मारला. घासलं नाही, धुतलं नाही, गंजावर आणि चिखलावर सरळ फवारा. डोक्यावरच्या टोपीवर, तिच्या आट्यांत, जाळीच्या भोकांत, सगळीकडे रंग. श्वास कोंडला माझा. वर पांढऱ्या रंगात आकडा काढला: ३. मला टेम्पोत चढवलं. शेजारी सोळा रोपांच्या कुंड्या होत्या. त्यांचीही माझ्यासारखीच चार ठिकाणी मोजणी व्हायची होती. बिचारी माना टाकून बसली होती.

जेसल पार्कला मला नाल्याच्या कडेला उभं केलं आणि दहा मिनिटांत मोजणीवाले आले. एक वयस्कर सर होते आणि त्यांच्यासोबत इशिता नावाची मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, हातात फॉर्मची फाईल. तेवढ्यात समोरून भाजीची पिशवी घेऊन नीलिमाताई आल्या आणि थबकल्या.

"अगंबाई, पंप आला परत? दोन वर्षं दिसला नव्हता."

शशिकांतशेठ हसले. "सर्व्हिसिंगला होता, मॅडम."

"दोन वर्षं?" ताई म्हणाल्या. "मागच्या पावसात आम्ही बादल्यांनी पाणी काढलं हो."

इशिताने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारणार होती, पण सर म्हणाले, "फॉर्ममध्ये काय आहे? ठिकाणावर पंप आहे का. आहे. चला." तिने 'हो'वर खूण केली. माझा फोटो काढला. कोणीही माझ्या हँडलला हात लावला नाही.

ते गाडीत बसले. शशिकांतशेठनी त्यांना वाटेत इडली-चहाला थांबवलं आणि तेवढ्यात मी मीरा रोडला पोचलो. आकडा पुसून ५ झाला. आत्मारामला शर्ट बदलायला लावला. तिथून पश्चिमेला नेलं, आकडा ७, आणि आत्मारामच्या डोक्यावर टोपी आली. त्या टोपीखाली त्याचा चेहरा कसा दिसत होता ते मी सांगू शकत नाही. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. गटारात गळ्यापर्यंत उतरलेला आत्माराम मी पाहिला होता आणि तेव्हा तो मला कधी घाणेरडा वाटला नव्हता.

शेवटी उत्तन, आकडा ८. तिथे कोळीवाड्याच्या टोकाला एक नाला समुद्राला मिळतो. नाल्याला लागूनच ऑड्रेचं घर. पन्नाशीची, काटक बाई. नवरा आर्थर बोटीवर पडून पाय गमावून बसलेला, तो ओटीवर खुर्चीत बसून जाळी विणायचा. पावसाळ्यात बोटी बंद असतात, म्हणून उन्हाळाभर बांबूंवर टांगून सुकवलेले बोंबील ऑड्रे गोण्यांत भरून ठेवते आणि चार महिने बाजारात विकते. त्यावर घर चालतं. माझा निळा रंग पाहून ती धावतच आली.

"ह्यो पंप आमच्यासाठी हाय?"

"हो, ताई," आत्माराम म्हणाला.

"मंग बरं झालं. परवा उधाण हाय. दर साली मी गोण्या चर्चजवळ बहिनीकडं नेते, बत्तीस गोण्या, पाठ मोडते माझी. पंप इथंच ऱ्हानार हाय ना? मंग यंदा न्हाय नेत."

आत्मारामने शशिकांतशेठकडे पाहिलं. शेठ फोनवर होते. आत्माराम म्हणाला, "इथंच राहणार, ताई. आता फक्त डिझेल भरायला नेतोय. पाऊस लागायच्या आधी आणून लावतो." आणि वर तिला आपला फोन नंबरही दिला.

मित्रांनो, शशिकांतशेठचं खोटं मला माहीत होतं. हे खोटं आत्मारामचं होतं.

मग मोजणीवाले आले. इशिता माझ्याजवळ आली, वाकली, आणि तिची नजर माझ्या गुलाबी मुठीवर गेली. फवाऱ्यातून ती सुटली होती. तिने माझ्या अंगावर तळहात ठेवला. उचलला तर निळा. ती हळूच म्हणाली, "काका, सकाळी जेसल पार्कला तुम्हीच होतात ना?"

"नाय मॅडम."

"हीच मूठ होती."

"सगळ्यांना तीच लावलीय मॅडम, कंपनीची."

ती सरांकडे गेली. "सर, हा तोच पंप आहे. चारही ठिकाणी तोच आहे."

सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. थकलेला, सभ्य माणूस. "इशिता, प्रश्न काय आहे ते वाच."

"नेमून दिलेल्या ठिकाणी पंप उपलब्ध आहे का?"

"आहे ना?"

"आत्ता आहे, पण..."

"पण-साठी रकाना आहे का त्यात? आपल्याला संध्याकाळपर्यंत पालघर गाठायचंय."

तिने निळ्या बोटांनी 'हो'वर खूण केली. कागदाला रंग लागला. वीस मिनिटांत मी पुन्हा टेम्पोत होतो, आणि ऑड्रे ओटीवरून हात हलवत होती.

दुसऱ्याच दिवशी निकाल आला. पूर-तयारीत आम्हाला शंभरपैकी एक्क्याऐंशी. शेडमध्ये पेढे वाटले. निकालानंतर दोन दिवसांनी दुपारी सत्काराचा कार्यक्रम ठरला आणि तिथे दाखवायला मला कचेरीच्या आवारात उभं करून ताडपत्री घातली. रंग उडू नये म्हणून.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, म्हणजे ऑड्रेने सांगितलेल्या उधाणाच्या दिवशी, सकाळी नऊला पाऊस सुरू झाला. थेंब नव्हे, पाण्याची चादरच. साडेदहाला भरती. अकराला आवारातल्या चौकीतला फोन वाजू लागला तो थांबेना. तिथे बसलेली मुलगी यादी बघून उत्तरं देत होती. "जेसल पार्क? तुमच्याकडे पंप आहे, तीन नंबर... नाही, यादीत दिसतोय ना... शोधा तिथेच असेल." मी ताडपत्रीखाली उभा राहून ऐकत होतो. पाऊस माझ्या डोक्यावर बडवत होता आणि मी कोरडा होतो. पावसाळ्यात कोरडा पंप. याहून ओंगळ काही मी पाहिलेलं नाही, आणि तो मीच होतो.

सव्वाअकराला आत्मारामचा फोन वाजला.

"दादा, ऑड्रे बोलते. पानी पायरीला लागलं. कवा येतोस?"

"निघतोय, ताई."

तो शशिकांतशेठकडे गेला. ते कार्यक्रमाचा मांडव बघायला आले होते. "शेठ, उत्तनला न्यायला लागेल. बाई वाट बघतेय."

"वेडा झालास? उद्या फोटो आहेत. चिखलात घालून आणशील आणि मी काय दाखवू?"

"पाणी घरात शिरतंय, शेठ."

"दर वर्षी शिरतं. त्यांना सवय आहे."

आत्माराम परत येऊन माझ्या चाकापाशी बसला. फोन पुन्हा वाजला. "दादा, आत आलं." तो म्हणाला, "निघालोय, वाटेत आहे." तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्याने उचललाच नाही. चौथ्यांदा उचलला. पलीकडे आर्थर होता. मलाही त्याचा आवाज ऐकू आला, अगदी शांत. "मला टेबलावर बसवलंय. ऑड्रे गोण्या उचलते, दोन उचलते तर दोन भिजते. तू येनार न्हायस ना? तसं सांग. मंग ती तरी वाट बगायची थांबंल."

आत्मारामने फोन खिशात ठेवला. उठला. ताडपत्रीच्या दोऱ्या सोडू लागला. टेम्पोचा ड्रायव्हर, ज्याने मला त्या दिवशी चार ठिकाणी फिरवलं होतं, तो समोर चहा पीत उभा होता. त्याने ग्लास ठेवला आणि टेम्पो मागे घेतला. शशिकांतशेठ मांडवातून ओरडत आले, "आत्माराम, उद्यापासून येऊ नकोस!" आत्माराम म्हणाला, "बरं." एवढंच.

रस्ते भरले होते. उत्तनला पोचेपर्यंत साडेतीन वाजले. ऑड्रे कमरेइतक्या पाण्यात दारात उभी होती. तिने आम्हाला पाहिलं आणि म्हणाली, "आता काय उपसतोस? माल गेला."

आत्माराम माझी टोपी फिरवायला लागला. टोपी फिरेना. रंग आट्यांत सुकून घट्ट बसला होता. जाळीची निम्मी भोकं बुजलेली. तो नखांनी खरवडू लागला, बोटं सोलली, पण हलेना. माझ्या जन्मात मला एवढी लाज वाटली नव्हती. पाणी समोर, डिझेल पोटात, आणि मी रंगाने मुका झालेलो. ऑड्रेने ते पाहिलं. मग आत गेली आणि मासळी साफ करायची सुरी घेऊन आली. "हट." तिने सुरीच्या टोकाने टोपीच्या कडेचा सगळा रंग काढला, जणू मोठ्या माशाची खवलं काढावीत तसा. अर्धा तास गेला. मग टोपी फिरली.

चार वाजून दहा मिनिटांनी मी पाणी धरलं. बांधावरून समुद्रात पाणी फेकत रात्र पडेपर्यंत मी धावलो. त्या पाण्याला बोंबलांचा वास होता. उन्हात सुकवलेले बोंबील भिजून फुगून वर आले होते आणि माझ्या जाळीला येऊन चिकटत होते. हारांची, घुशींची मला कधी घाण वाटली नाही, पण ते बोंबील बाईच्या घरातले होते. आत्माराम ब्रशने एकेक काढून बाजूला ठेवत होता.

बत्तीस गोण्यांपैकी चार वाचल्या. बाकीच्यांत दोन दिवसांत अळ्या पडल्या. वाडीतल्या बायकांनी मिळून वाळूत खड्डा खणला आणि सगळं पुरलं, तरी वास जाईना. घराच्या भिंतींत मुरला, आर्थरच्या अंथरुणात मुरला. ऑड्रेला वासाचं काही वाटत नसेल असं लोकांना वाटतं, जन्म मासळीत गेला म्हणून. तसं नसतं. सुक्या मासळीचा वास तिला कमाईचा वास आहे. हा सडका वास आला की ती दारात जाऊन ओकायची.

आणि सत्काराचं काय झालं? तो ठरल्या वेळी झाला. मी उत्तनलाच होतो, म्हणून माझ्याऐवजी शेडमधला तो इंजिन नसलेला पंप निळा रंगवून उभा केला, त्याला झेंडूचा हार घातला, त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. पाहुण्यांनी त्याच्या अंगावर थाप मारली म्हणे. आत पोकळ होता, घुमला असेल. कोणाला कळलं नाही. टेम्पोच्या ड्रायव्हरने येऊन हे सांगितलं तेव्हा आत्माराम हसला नाही.

चौथ्या दिवशी इशिता आली. एकटी, सरांशिवाय. कोणीतरी उत्तनच्या पाण्याचा व्हिडिओ टाकला होता, त्यात तिला माझी मूठ दिसली होती. तिने ओढणी नाकाला लावली, मग ऑड्रेकडे पाहून लाजून खाली घेतली. आत्माराम माझ्यापाशी बसला होता. तो उभा राहिला.

"मॅडम, त्या दिवशी चारही ठिकाणी मीच होतो. पंपही हाच होता. मी खोटं बोललो."

"मला माहीत होतं, काका," ती म्हणाली. "मी तरी खूण केलीच."

ऑड्रे भिंत घासत होती. हात थांबवून तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हंजे तुमी दोगं बी जानत होता. आनि मी एकलीच न्हाय जानत." ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग इशिताने फाईल उघडली. "मावशी, मला आता खरं लिहायचंय. पाणी किती वाजता घरात आलं, किती चढलं, पंप किती वाजता आला, सगळं सांगा."

ऑड्रेने सांगितलं. पाणी साडेअकराला. पंप साडेतीनला, चालू झाला चार दहाला. आर्थरने खुर्चीतून भिंतीवरची ओल दाखवली, इशिताने टेपने मोजली. मी नऊ वर्षांत अनेकांना मोजताना पाहिलं आहे. खरं मोजमाप मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"आणखी काही लिहू?" इशिताने विचारलं.

ऑड्रे म्हणाली, "वास लिव."

"वास कसा लिहू, मावशी? त्याला रकाना नाही."

"मंग कागद इथं ठेव आठ दिस. आपोआप लागंल."

इशिताने खरंच फाईल तिथे ठेवली. आठ दिवसांनी येऊन घेऊन गेली आणि तशीच संस्थेच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. उत्तर आलं की गुण जाहीर झाले आहेत, ते बदलता येत नाहीत. सूचनेचा पुढे विचार केला जाईल. शशिकांतशेठना पुढच्या वर्षाचाही ठेका मिळाला. आता यादीत चौदा पंप आहेत. पण मित्रांनो, सगळं गोड झालं असं सांगून मी तुमच्यावरही रंग मारणार नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना जमली नाही. शशिकांतशेठची माणसं मला न्यायला आली तेव्हा ऑड्रे आणि वाडीतल्या बायकांनी मला बोटीच्या दोराने खांबाला बांधून ठेवलं होतं. "तुमच्या यादीत आठ नंबर उत्तनला हाय ना?" ऑड्रे म्हणाली. "मंग हाय तो उत्तनलाच. न्यायचा तर आदी यादीत खोटं हाय असं लिवून द्या." ती माणसं फोन करत राहिली आणि शेवटी निघून गेली. आत्माराम आता कोळीवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. ऑड्रे त्याच्याशी फार बोलत नाही. पण त्याचा डबा आला नाही तर भाताचं ताट पाठवते.

परवा आणखी एक माणूस मोजायला आला. दुसरी संस्था, हातात टॅब. त्याने माझा फोटो काढला आणि निघाला. ऑड्रेने त्याला हाक मारली. "चालू करून बगनार न्हायस?"

"तसं विचारलेलं नाही, मावशी."

तिने माझं हँडल त्याच्या हातात दिलं. "मार."

तो बिचकला. आत्मारामने पाणी भरून दिलं, हवा काढली. त्या माणसाने हँडल मारलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा माझं इंजिन धडधडलं, काळा धूर त्याच्या शर्टावर गेला आणि पाइपातून पाणी उसळून बांधापलीकडे पडलं. तो पाण्याकडे बघत राहिला. मग टॅबकडे. बोट कुठे टेकवावं ते त्याला समजेना.

मित्रांनो, तुमच्या गावातही असं काहीतरी उभं असेल. पंप असेल, नाल्याचा दरवाजा असेल, उन्हाच्या दिवसांसाठी बांधलेली पाणपोई असेल. कोणी सांगितलं की आपलं गाव पाऊस-उन्हाला तयार आहे, तर टाळ्या वाजवायच्या आधी तिथे जा. हात लावून बघा. चालू करून बघा. ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याला विचारा, मदत किती वाजता आली. आम्हाला रंग नको, हार नको, आकडा नको. आठवड्यातून एकदा कोणीतरी आमची टोपी उघडावी आणि आमच्या तोंडून पाणी येतं का ते पाहावं. येत नसेल, तर तेच लिहावं.